तारीखवार पुरावा देणारा स्लँगकोश

सबटायटलं लिहून पोट भरते, त्यामुळे इंग्रजी स्लँगशी रोजची झटापट. मध्यंतरी शब्दांच्या जन्मकथा सांगणारं एक ॲप विकत घेतलं होतं. त्यात 'पॉश'ची गोष्ट फार झोकात होती: हिंदुस्थानात येताना बोटीची डावी केबिन, परतताना उजवी, आणि तिकिटावर त्याची इंग्रजी आद्याक्षरं, 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम'. तसं तिकीट आजवर कुणालाही सापडलेलं नाही, हे मला कळलं तोवर मी ती कथा चार जणांना ऐकवून मोकळी झाले होते. ॲप त्याच रात्री उडवलं.

आता जोनाथन ग्रीन यांचा स्लँगकोश वापरते. २०१० साली तीन जाडजूड खंडांत छापला गेला, २०१६ पासून नेटवर आहे. शब्द शोधायला पैसे पडत नाहीत. अर्थाखाली तो शब्द कुठे, कोणत्या साली छापून आला याची अवतरणं ओळीने लावलेली असतात, आणि माझा जीव जडलाय तो त्यांच्यावरच.

एका पटकथेत म्हातारा सैनिक म्हणतो, अमका 'डुलाली' झालाय. डुलाली म्हणजे आपली देवळाली! तिथल्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत गोरे शिपाई खितपत पडायचे, त्यातले काही भ्रमिष्ट व्हायचे. मूळ शब्दप्रयोग 'डुलाली टॅप', आणि हा टॅप म्हणजे आपला ताप. मी 'डोक्यात ताप चढलाय' लिहिलं आणि दिवसभर खुशीत होते. 'पाल' म्हणजे दोस्त, हा रोमा म्हणजे जिप्सी लोकांच्या रोमानी भाषेतला 'भाऊ' या अर्थाचा शब्द. आपल्या 'भ्राता'चा सख्खा नातलग. इंग्रजीत आरामाच्या नोकरीला 'कुशी जॉब' म्हणतात, त्यातला कुशी म्हणजे आपला खूश. अशी माहेरची माणसं भेटली की कामाची वेळ कोशातच जाते, हा तोटा धरा.

संक्षेपांची सवय करावी लागते. 'एसई' म्हणजे प्रमाण इंग्रजी, हे मला उशिरा उमगलं. शिव्या, दारू, शरीर, सगळं आडपडद्याशिवाय आहे, तेव्हा ऑफिसातल्या मोठ्या स्क्रीनवर उघडू नका. काल मोबाइलवर जन्मलेला शब्द हवा असेल, तर घरातल्या पोरांना विचारा.

परवा पटकथेतल्या एका लंडनवाल्याला 'अप द ॲपल्स' पळायचं होतं. मी त्याला सफरचंदाच्या झाडावर चढवणारच होते. कोशाने वाचवलं: तिकडच्या बोलीत मूळ शब्दाऐवजी त्याच्याशी यमक जुळणारे शब्द वापरतात. ॲपल्स अँड पेअर्स, यमक स्टेअर्सशी. जिना!