हजिरा की बेहट?

पुण्याची माझी मोठी मामेबहीण डिसेंबरात तानसेन समारोहाला, म्हणजे शास्त्रीय संगीताच्या महोत्सवाला, ग्वाल्हेरला येतेय, पण हाताशी दिवस एकच. हजिऱ्याला तानसेनांच्या समाधीजवळची सायंसभा ऐकू की बेहट गावातली सकाळची सभा, असं तिनं विचारलं.

तिकीट दोन्हीकडे नाही. हजिऱ्याला शहराच्या लष्कर भागातून रिक्षानं पोचता येतं. बेहट चाळीसेक किलोमीटर, सकाळीच गाडी करून निघावं लागतं. नावाजलेले गवई बहुधा हजिऱ्यालाच. पण थंडी! रात्री दहानंतर पायांची बोटं बधिर होतात; शाल, मोजे हवेतच.

बेहट तानसेनांचं जन्मगाव. झिलमिल नदीकाठी, कोवळ्या उन्हात, गावकऱ्यांच्या मांडीला मांडी लावून ध्रुपद ऐकताना माझे तर डोळे भरून येतात.

मामींना आणणार असशील तर हजिरा. एकटीच येणार असशील तर ताई, बेहटच गाठ.