डावखुऱ्या वडिलांसाठी शिकारीची रायफल: डावी बोल्ट की लिव्हर?

वडील आयुष्यभर उजव्या हाताची बोल्ट रायफल (दर बारानंतर बाजूचा दांडा, म्हणजे बोल्ट, मागे-पुढे ओढून पुढची गोळी भरायची ती) वापरत आले असतील, तर त्यांना गोळी झाडताना एकदा नीट बघा. बार झाला की डावा हात कुंद्यावरून सुटतो, दुर्बिणीवरून पलीकडे जातो, बोल्ट ओढतो. तोवर गाल उचललेला आणि सावज नजरेआड. डाव्या बोल्टच्या रायफलीत हा द्राविडी प्राणायाम संपतो. गाल जागेवर राहतो, दुसरी गोळी लगेच तयार. सॅव्हेज ११० किंवा टिक्का टी३एक्स अशी डाव्या हाताची मिळते. मात्र निवड मर्यादित, आणि पुढेमागे विकायची झाली तर गिऱ्हाईक शोधावं लागतं.

लिव्हर रायफलीत घोड्याभोवतीची कडी खाली-वर करून पुढची गोळी भरतात, त्यामुळे तिला डावं-उजवं फारसं नसतंच. विंचेस्टर ९४ किंवा मार्लिन ३३६ हलकी, आखूड. दाट झाडीत मस्त. जुनी विंचेस्टर रिकामं काडतूस वरच्या बाजूने फेकते, त्यामुळे नळीच्या बरोबर वर दुर्बीण बसवणं जिकिरीचं. शिवाय गोळ्यांचं मॅगझिन म्हणजे नळीखालचं नळकांडं, त्यात गोळ्या एकामागे एक राहतात. कडक टोकदार गोळी पुढच्या काडतुसाच्या टोपीवर (मार बसला की बार पेटवणारा भाग) टेकली तर धक्क्याने ते काडतूस उडू शकतं, म्हणून बोथट टोकाच्या वापरतात. त्या लांबवर वेग लवकर गमावतात.

मी डावी बोल्टच घेईन. पण हात डावा असून नेम उजव्या डोळ्याने धरणारेही असतात, तेव्हा आधी ते पाहा. आणि परवान्याची चौकशी खरेदीआधी. भेट गुपित ठेवायच्या नादात तेवढं विसरू नका.