साडेतीनशे रुपयांचे गोल छर्रे आणि माझा मायक्रोमीटर

आधी किंमत सांगतो, कारण फसलो तो तिथंच. एअर पिस्तुलाचे 4.5 मिमीचे शिशाचे गोल छर्रे, 500 नग, पत्र्याचा डबा, 350 रुपये. त्याच दुकानात त्याच फळीवर चपट्या तोंडाचे मॅचचे, म्हणजे स्पर्धेचे, छर्रे 1,100 ला होते. दुकानाचं नाव लिहीत नाही. माणूस वाईट नाही, फक्त माल खपवायची घाई फार. "काका, छर्रा तो छर्रा. गोल असला की उलट जास्त सरळ जातो," असं म्हणाला. मी नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत चौतीस वर्षं टूलरूमला (साचे-हत्यारं बनवतात त्या खात्यात) इन्स्पेक्शन केलेलं. 'गोल आहे' असं कुणी नुसत्या तोंडानं सांगितलं की माझा हात आपोआप मायक्रोमीटरकडे, म्हणजे बारीक जाडी मोजायच्या यंत्राकडे, जातो. त्या दिवशी नेमका तो घरी राहिला होता.

हे खूळ नातीमुळे लागलं. 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकात मनू भाकरनं एअर पिस्तुलात दोन ब्राँझ आणली आणि आमच्या तेरा वर्षांच्या कन्येला (नात आहे, पण आमच्याकडे सगळे तिला कन्याच म्हणतात) दुसरं काही सुचेना. गंगापूर रोडच्या बाजूला नेमबाजीच्या एका रेंजवर घातलं. तिला सोडायला-आणायला मी. तासभर बाकावर बसून कंटाळायचो, तर तिथल्या सरांनी एक दिवस पिस्तूल हातात दिलं. "काका, एका हातानं धरायचं, दुसरा खिशात." झालं. महिन्याभरात घरी सरावासाठी साधं स्प्रिंगचं, नळी मोडून भरायचं पिस्तूल आलं. परवान्याचं विचाराल तर 2016 च्या शस्त्र नियमांत 4.5 मिमी आणि 20 ज्यूल ऊर्जेच्या आतल्या एअरगनला तो लागत नाही. तरी शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवलं. नाशिककर असलो तरी सिडकोतल्या भिंतींना कान असतात.

घराच्या बाजूला कंपाउंडलगत अकरा मीटरची बोळ आहे. एका टोकाचं दार आतून कडी लावून बंद, भिंतीपुढे फळ्यांची पेटी, तिच्यात तिरका बसवलेला जाड पत्रा आणि पुढे जुन्या सतरंजीच्या घड्या. डोळ्याला चष्मा. हे सगळं आधी, छर्रे नंतर.

आता डबा. झाकण उघडल्यावर पहिलं मन प्रसन्न झालं, खोटं कशाला बोलू. काळसर, तेलकट, टपोऱ्या मिऱ्यांसारखे दिसतात. तेवढ्यावर भुलून लगेच मारायला बसलो असतो, पण सवय आडवी आली. पन्नास नग मोजले. मायक्रोमीटर एक शतांश मिमी दाखवतो. प्रत्येक छर्रा एकदा मोजायचा, नव्वद अंशात फिरवून परत मोजायचा. शिसं मऊ, त्यामुळे रॅचेट (मायक्रोमीटरची फिरवायची मूठ) हलक्या हातानं. सगळ्यात बारीक 4.44, सगळ्यात जाड 4.53. एकाच छर्र्यात दोन बाजूंना 0.04 पर्यंत फरक. सात नगांवर तर उघड्या डोळ्यांना दिसेल असा चपटा डाग होता, डब्यातल्या डब्यात ठेचल्याचा की साच्यातूनच आलेला, देव जाणे. आमच्या खात्यात असा लॉट आला असता तर लाल चिठ्ठी लावून परत पाठवला असता.

मग वजन. सराफ बाजारात एक शाळासोबती आहे, त्याच्या काट्यावर दुपारी गिऱ्हाईक नसताना बसलो. 4.50 व्यासाच्या गोळीचं घनफळ 47.7 घन मिमी, शिशाची घनता 11.34, म्हणजे हिशेबानं 0.54 ग्रॅम भरायला हवं. बरेचसे 0.52 ते 0.55 मध्ये आले, व्यासाप्रमाणे ते बरोबरच. पण एक बेटा बरोबर 4.50 चा, आणि काट्यावर 0.48. याचा अर्थ आत पोकळी. सोन्याचा मणी असता तर सोबत्यानं तिथंच डोळे वटारले असते. तो हसून म्हणाला, "अरे, तुझी गोळी पोकळ निघाली, घडणावळ परत माग."

पोकळी असली म्हणून काय बिघडलं? बिघडतं. नळीत आतून आटे असतात. स्क्रूचे असतात तसेच, फक्त फार लांबट पिळाचे. छर्रा त्यातून जाताना स्वतःभोवती फिरतो आणि त्या फिरण्यानं सरळ राहतो. भार एका अंगाला असेल तर भोवरा जसा डुलतो तसा तो डुलणार. मॅचचा छर्रा बघा, डमरूच आहे: पुढे चपटं डोकं, मधे बारीक कंबर, मागे पोकळ घेर. डोकं आट्यांवर बसतं, घेर हवेच्या दाबानं फुलून नळीला घट्ट चिकटतो, हवा निसटत नाही. शिवाय भार पुढे आणि घेर मागे, त्यामुळे फिरकी कमी पडली तरी शेपटीसारखा घेर त्याला सावरतो. गोल छर्र्याला शेपूटही नाही आणि घेरही नाही. आट्यांना तो टेकतो ते पोटावरच्या एका अरुंद पट्ट्यावर. सगळी भिस्त फिरकीवर आणि मापावर. माप तर वर सांगितलंच.

जुन्या जीन्सच्या तंगडीत रेती भरून शिवून घेतली (आधी तांदळाच्या पिशवीचा विचार होता, घरून जे ऐकलं ते इथे लिहीत नाही). तिच्यावर हात टेकून 10 मीटरवरून दहा-दहाचे गट मारले, म्हणजे माझ्या हाताचा थरकाप हिशेबातून निघाला. नातीच्या मॅचच्या छर्र्यांचा गट, म्हणजे सगळ्यात लांबच्या दोन भोकांमधलं केंद्रापासून केंद्रापर्यंतचं अंतर, 16 मिमी. गोल छर्र्यांचा 47. एअर पिस्तुलाच्या टार्गेटवर दहा गुणांचं वर्तुळ 11.5 मिमीचं, नऊचं 27.5 चं आणि सगळा काळा भाग 59.5 चा असतो. त्यावरून समजा. एक धरून मारला की दुसरा कुठे उतरेल याची शाश्वती नाही. बारीक नग नळीत टाकताना बोटाला अडत नव्हते, घसरून आत जायचे आणि सुटताना नेहमीचा ठक् आवाज न येता फुस्स व्हायचं. दहातले दोन असे फुस्स झाले, ते दोन्ही खाली पांढऱ्यात.

आणि एक तर मारायच्या आधीच गेला. भरला, नळी बंद केली, जरा थांबायचं म्हणून पिस्तूल खाली तोंड करून धरलं, तेवढ्यात टुप्. नळीच्या तोंडातून निघून फरशीवर टणटणत मोरीकडे. मला पत्ता नाही. मी वर उचलून ट्रिगर दाबला, स्प्रिंग रिकाम्या नळीत आदळली आणि हाताला असा झटका बसला की मनगट झणझणलं. स्प्रिंगच्या पिस्तुलात पिस्टनपुढे छर्रा नसेल तर हवेची गादी तयारच होत नाही, पिस्टन जाऊन थेट आपटतो. असं चार-दोनदा झालं की सील गेलंच समजा. 350 च्या डब्यापायी पिस्तूल दुरुस्तीला टाकायची वेळ यायची.

कागदावरचं भोक हा आणखी एक वाद. चपट्या तोंडाचा छर्रा कागदात पंच मारल्यासारखं नीट गोल भोक पाडतो. रेषेला भोकाची कड लागली तर वरचा गुण मिळतो, त्यामुळे कड स्पष्ट हवी. गोल छर्रा कागद ढकलून फाडतो. चार पाकळ्या होतात आणि त्या परत मिटतात. "आबा, हा नऊ आहे." "नाही, आठ." अर्धा रविवार यात गेला. शेवटी तिनं भिंग आणलं तरी निकाल नाही लागला.

एवढं असूनही डबा फेकून द्यावा असं मी म्हणणार नाही. मी हट्टी आहे. एका रात्री टीव्हीवर क्रिकेट चालू असताना आणखी शंभर मोजले आणि 4.49 ते 4.51 मधलेच, बिनडागाचे तेवढे बाजूला काढले. शंभरात 37 निघाले. त्यांचा गट 29 मिमी आला. म्हणजे गोल छर्रा मुळात वाईट नाही, हा डबा निवडलेला नाही एवढंच. पण निवडायची मजुरी धरली तर 1,100 चा डबाच स्वस्त.

गोल गोळीनं निशाणा लागतच नाही असंही कुणी समजू नये. 1851 च्या कोल्ट नेव्ही रिव्हॉल्वरची नळी 0.36 कॅलिबरची (हे माप इंचात) आणि त्यात शिशाची गोल गोळी जायची. पण गंमत बघा, गोळी चेंबरच्या (फिरत्या चकरीतल्या कप्प्याच्या) भोकापेक्षा मुद्दाम जराशी मोठी असायची. दट्ट्यानं दाबून बसवताना शिशाची बारीक कडी तासली जायची, आणि ती कडी पडली म्हणजे गोळी नीट घट्ट बसली अशी खूण. अमेरिकेत हौशी लोक अजूनही रिव्हॉल्वरच्या काडतुसात नेहमीच्या गोळीऐवजी अशी गोल गोळी घालून हलका सराव करतात. शिसं कमी, धक्का कमी. आपल्याकडे ते मनात आणू नका, दारूगोळा बनवायलाही 1959 च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो. सांगायचा मुद्दा वेगळा. तिथे गोळी भोकापेक्षा मोठी चालते कारण मागे दारूचा जोर असतो. माझ्या पिस्तुलामागे एक स्प्रिंग आणि चमचाभर हवा. तिला जाड गोळी ढकलवत नाही आणि बारीक गोळी धरवत नाही. दुकानदाराचं 'छर्रा तो छर्रा' इथे आपटलं.

चांगलं काय, तेही लिहितो. डबा एकदा हातातून सुटला, सगळे अंगणात सांडले, वेचून घेतले, काही फरक नाही. डमरूवाले असे सांडले की घेर वाकतो आणि तो नग बाद. भरताना पुढचं-मागचं बघावं लागत नाही, हे माझ्या चष्म्याला सोयीचं. आणि टांगलेले रिकामे डबे उडवायला हे झकास. सात मीटरवर टण् असा आवाज येतो की नात टार्गेट विसरून जाते. घरून सुद्धा एकदा बाहेर येऊन "अहो, मला द्या बघू" झालं आणि तीनात दोन डबे पाडले. ते निवडलेले नव्हते, हे मी सांगितलं नाही.

शिशाबद्दल दोन वाक्यं. बोटं काळी होतात, ती साबणानं धुतल्याशिवाय चहाच्या कपाला लावायची नाहीत, आणि तोंडात छर्रे धरून भरायची पोरांची सवय पहिल्या दिवशीच मोडायची. डब्यात पांढरी भुकटी दिसली तर तो डबा घेऊच नका, शिसं सडायला लागलंय. आणि याच मापाच्या म्हणून स्टीलच्या चकचकीत गोळ्याही मिळतात, त्या आट्यांच्या नळीत मुळीच नकोत. शिसं आट्यांपुढे नमतं, स्टील नमत नाही, आटे झिजतात.

गुण द्यायचे तर डबे उडवायला दहात सात, कागदावर दहात तीन. निवडून मारायचा धीर असेल तर पाच.

परवा मायक्रोमीटर खिशात घालून परत त्या दुकानात गेलो. मालकापुढे त्याच्याच डब्यातले पाच नग मोजून दाखवले. त्यानं मान हलवली, "काका, एवढं कोण बघतं?" म्हणाला, आणि मॅचचा डबा 1,050 ला दिला. तोही तिथेच उघडायला लावला. दहा मोजले, दहाही पास. पैसे दिले, तर म्हणतो कसा, ते यंत्र एकदा माझ्या गोदामात आणाल का.