पहाटे घर न उठवणारा इलेक्ट्रिक टूथब्रश : उन्हाळ्यापासून थंडीपर्यंतच्या वापराचा अनुभव

आमच्या चिंचवडच्या फ्लॅटमध्ये बेसिन न्हाणीघरात नसून पॅसेजमध्ये आहे. त्याच्या एका बाजूला स्वयंपाकघर आणि दुसऱ्या बाजूला सासूबाईंची खोली आहे, आणि मधल्या अरुंद, वरपर्यंत टाइल्स लावलेल्या जागेला दार नाही. माझी शाळा सकाळच्या सत्राची असल्यामुळे मला साडेपाचच्या आत आवरून घ्यावे लागते. सासूबाईंना गुडघेदुखीमुळे मध्यरात्रीपर्यंत झोप येत नाही आणि पहाटे कुठे डोळा लागतो, शिवाय त्यांची झोप अतिशय सावध आहे. माझ्या हिरड्या वरच्या बाजूला सरकू लागल्याचे पाहून दंतवैद्यांनी दाब कळवणारा इलेक्ट्रिक ब्रश घ्यायला सांगितले, तेव्हा माझी पहिली शंका किंमतीची नव्हती, आवाजाची होती. उन्हाळ्यात घेतलेला ब्रश आता थंडीपर्यंत वापरून झाला आहे, म्हणून ज्यांच्या घरात कोणी रात्रपाळी करून झोपलेले असते, तान्हे मूल असते किंवा आजारी माणूस असते, त्यांच्यासाठी हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. मॉडेलची नावे दर वर्षी बदलतात, प्रकार मात्र तेच राहतात, त्यामुळे मी प्रकारांविषयी लिहिणार आहे.

बाजारात मुख्यतः दोन जातींचे ब्रश मिळतात आणि त्यांचे आवाज एकमेकांपासून अगदी वेगळे आहेत. पहिल्या जातीत लहान गोल हेड (ब्रशचा केसांचा, काढता येणारा पुढचा भाग) असते आणि ते एका दिशेने थोडे फिरून लगेच उलट दिशेने फिरते. या जातीच्या नेहमीच्या मॉडेलमध्ये मोटरीची गती दातेरी चाकांमधून हेडपर्यंत नेलेली असते, म्हणून मोटरीच्या आवाजात त्या चाकांची खरखर मिसळते. दुसऱ्या जातीला सॉनिक म्हणतात. तिचे हेड साध्या ब्रशसारखे लांबट असते आणि ते फिरत नाही, विद्युतचुंबकाच्या जोरावर ते दोन्ही बाजूंना अतिशय वेगाने थरथरते. मधे चाके नसल्यामुळे एकच सलग गुणगुण ऐकू येते. ओरल-बीने २०२० मध्ये आणलेल्या आयओ मालिकेत गोल हेड कायम ठेवून आतली यंत्रणा चुंबकीय केली आहे. माझ्या वहिनींकडे तो ब्रश आहे, आणि त्याचा आवाज जुन्या गोल ब्रशपेक्षा बराच मऊ वाटला, मात्र त्याची किंमत आमच्या आवाक्याबाहेरची होती. मी सॉनिक जातीचा मधल्या किंमतीचा ब्रश घेतला.

सॉनिक ब्रशच्या आवाजाचा स्वर ठरलेला असतो, ही गोष्ट निवड करताना उपयोगी पडते. फिलिप्सच्या बऱ्याच सॉनिकेअर ब्रशवर मिनिटाला ३१,००० हालचाली असे लिहिलेले असते. जाण्याची आणि येण्याची हालचाल वेगवेगळी मोजली, तर सेकंदाला साधारण २५८ पूर्ण कंपने होतात. घरात पेटी असल्यामुळे मी माझ्या ब्रशचा स्वर लावून पाहिला, तर तो मधल्या सप्तकातल्या पांढरी एकच्या (सेकंदाला साधारण २६२ कंपनांच्या स्वराच्या) किंचित खाली लागला, म्हणजे त्याचीही गती जवळपास तेवढीच आहे. दाढांवर घासताना, पुढच्या दातांवर घासताना आणि बॅटरी उतरत आली असतानाही हा स्वर जागचा हलला नाही, कारण ही गती आतल्या इलेक्ट्रॉनिक सर्किटने बांधलेली असते. सेलवर चालणाऱ्या स्वस्त ब्रशमध्ये मात्र साधी छोटी मोटर असते. दातांवर दाब पडला की ती मंदावते, उचलला की पुन्हा जोर धरते, आणि त्याबरोबर आवाजही सारखा वर-खाली होत राहतो. झोपलेल्या माणसाला सलग गुणगुणीपेक्षा हा चढउतार कितीतरी जास्त त्रास देतो, असे सासूबाईंच्या अनुभवावरून मी खात्रीने सांगू शकते. मुलीकडे पूर्वी सेलवरचा एक ब्रश होता आणि त्याच्या आवाजाने त्या हमखास जाग्या होत.

खोक्यावर किंवा जाहिरातीत दिलेल्या डेसिबलच्या आकड्यावर मी फारसा भरवसा ठेवणार नाही. तो आकडा ब्रशपासून किती अंतरावर मोजला, ब्रश मोकळा चालू होता की दातांवर टेकलेला होता, हे बहुतेक ठिकाणी लिहिलेलेच नसते, आणि अंतर बदलले की आकडाही बदलतो. डेसिबलमध्ये दहाचा फरक पडला, तर आवाज ढोबळमानाने दुप्पट वाटतो, एवढे लक्षात ठेवून दोन आकडे जवळजवळ असतील तर त्यांवरून निवड करू नये. मिनिटाला किती हालचाली हा आकडाही तुलनेसाठी निरुपयोगी आहे, कारण कोणी फेऱ्या मोजते, कोणी थरथर मोजते आणि कोणी दोन्ही वेगवेगळे छापते.

स्वतःच्या कानावरही या बाबतीत विसंबता येत नाही. ब्रश दातांवर असताना त्याचे कंपन जबड्याच्या आणि कवटीच्या हाडांतून थेट आतल्या कानापर्यंत पोहोचते, त्यामुळे वापरणाऱ्याला तो नेहमीच मोठा वाटतो. ब्रश चालू असताना एका कानात बोट घालून पाहावे, त्याच कानात गुणगुण जास्त भरदार ऐकू येते. कित्येक जण पहिल्याच दिवशी आवाजाला घाबरून ब्रश कपाटात ठेवून देतात, त्यांनी तो घरातल्या दुसऱ्या माणसाच्या कानाने ऐकलेलाच नसतो.

म्हणून मी परीक्षा अशी घेतली. सासूबाई देवळात गेलेल्या असताना त्यांच्या खोलीचे दार लावून मी त्यांच्या पलंगावर, त्यांच्या उशीवर डोके ठेवून पडले आणि मुलीला तिचे हेड लावून बेसिनपाशी नेहमीप्रमाणे दात घासायला सांगितले. पंखा चालू असताना ब्रश सुरू झाल्याचे मला कळलेही नाही. मधे एकदा खडखड ऐकू आली, ती हेडची प्लास्टिकची पाठ वरच्या दातांना लागल्यामुळे झाली होती. शेवटी ठक्क असा आवाज आला, तो तिने हँडल काचेच्या फळीवर ठेवल्याचा होता आणि संपूर्ण परीक्षेतला सर्वांत मोठा आवाज तोच होता. नंतर पंखा बंद करून तेच पुन्हा केले. या वेळी मात्र गुणगुण स्पष्ट ऐकू आली, मंद होती तरी होती. पंख्याचा सलग आवाज ब्रशच्या सलग आवाजाला झाकून टाकतो, हे तेव्हा ध्यानात आले आणि थंडीत त्याचा प्रत्यय आला. पंखे बंद झाल्यावर पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी विचारले की, पहाटे काय वाजते? तेव्हा ब्रश कोणत्याही ऋतूत घेतला, तरी परीक्षा पंखा बंद करूनच करावी.

आणखी एक गोष्ट खरेदीनंतर लगेच मत बनवणाऱ्यांना माहीत असणे जरूर आहे. काही कंपन्यांच्या ब्रशमध्ये नवख्या माणसाला सवय व्हावी म्हणून सुरुवातीला ताकद कमी ठेवून ती हळूहळू वाढवण्याची सोय असते, सॉनिकेअरमध्ये ही वाढ पहिल्या १४ वापरांत होते. म्हणजे पहिल्या आठवड्यात ऐकू येणारा आवाज हा त्या ब्रशचा खरा आवाज नसतो. परत करण्याची मुदत थोडी असेल, तर ही सोय बंद करून पूर्ण ताकदीवर ऐकून घ्यावे. ती बंद कशी करायची, हे सोबतच्या माहितीपत्रकात दिलेले असते.

थंडीत पंखा बंद झाल्यानंतर मी काही सवयी लावून घेतल्या, त्यामुळे पहाटेचा प्रश्न जवळपास मिटला आहे. ब्रश दातांना टेकवल्यावरच बटण दाबायचे आणि तोंडातून काढण्याआधी बंद करायचे, म्हणजे पेस्टचे शिंतोडे उडत नाहीत आणि मोकळ्या हेडचा आवाज टाइल्सवर आपटून घुमतही नाही. ओठ शक्य तेवढे मिटलेले ठेवावेत, त्याने फार फरक पडतो. वरच्या दाढांच्या आतल्या बाजूला हेड थोडे तिरपे धरावे लागते, नाहीतर त्याची पाठ खालच्या दाढांना लागून खडखड होते. बेसिनच्या कडेला किंवा स्टीलच्या पेल्यात चालू ब्रश टेकवू नये, कारण मग तेही त्याच्याबरोबर वाजू लागतात. काचेच्या फळीवर मी जुन्या टर्किश टॉवेलची दुमडलेली पट्टी ठेवली आहे, त्यामुळे हँडल ठेवल्याचा आवाज अजिबात येत नाही. दर ३० सेकंदांनी बाजू बदलण्यासाठी ब्रश क्षणभर थांबतो, आवाजातला तेवढा खंड मात्र टाळता आलेला नाही, आणि अगदी शांत खोलीत तो जाणवतो.

शांतता हवी म्हणून दात अस्वच्छ राहिले, तर सगळे व्यर्थ आहे, त्यामुळे या बाबीकडे मी बारकाईने पाहिले. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कोक्रेन या संस्थेने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात ५६ चाचण्या एकत्र तपासल्या होत्या. साध्या ब्रशच्या तुलनेत विजेवरच्या ब्रशने तीन महिन्यांपेक्षा जास्त काळच्या वापरात दातांवरचा थर २१ टक्क्यांनी आणि हिरड्यांची सूज ११ टक्क्यांनी कमी केल्याचे त्यात नोंदले आहे. यातला सर्वाधिक पुरावा गोल फिरणाऱ्या जातीचा आहे, हे सॉनिक घेणाऱ्याने जाणून असावे. मला आवाजाची अडचण नसती, तर मी गोल हेडच घेतले असते. सॉनिकवर माझे समाधान आहे, कारण दंतवैद्यांनी गेल्या तपासणीत खालच्या पुढच्या दातांच्या मागे किटण कमी साठल्याचे सांगितले आणि हिरड्यांतून येणारे रक्त तर पावसाळ्यातच थांबले होते.

याच ठिकाणी एका फसव्या शांततेबद्दल सावध करावेसे वाटते. ब्रश दातांवर दाबून धरला की त्याचा आवाज बसतो आणि तो शांत झाल्यासारखा वाटतो, परंतु त्या वेळी केसांची थरथर दबलेली असते, म्हणजे त्याचे कामच थांबलेले असते. दाब वाढल्यावर दिवा लावणारा किंवा सूचना देणारा ब्रश म्हणूनच घ्यावा. हिरडीच्या कडेशी केस तिरपे टेकवून हँडल नुसते पुढे सरकवत न्यायचे, साध्या ब्रशसारखे घासायचे नाही. माझ्या ब्रशमध्ये हिरड्यांसाठी सौम्य मोड आहे आणि त्यात आवाज लक्षणीय कमी होतो. पहाटे मी तो पूर्ण दोन मिनिटे वापरते, आणि रात्री घर जागे असताना नेहमीचा मोड लावते. एकच मोड असलेला ब्रश स्वस्त पडला, तरी आमच्यासारख्या घरांत तो घेऊ नये.

देखभालीविषयी थोडक्यात लिहिते. आमच्याकडे बोअरचे पाणी मिसळून येते, त्यामुळे हेड आणि हँडल यांच्या सांध्यात पांढरे क्षार धरतात, आणि पावसाळ्यात तिथेच काळसर बुळबुळीत थर जमतो. हेड रोज काढून, दोन्ही भाग वेगळे धुऊन कोरडे केले, तर हे होत नाही. सुकलेली पेस्ट सांध्यात राहिली की ब्रशच्या गुणगुणीत एक बारीक झर्र असा आवाज मिसळतो, तो आला की आतून धुण्याची वेळ झाली असे समजावे. राखुंडी किंवा भरड दंतमंजन या ब्रशबरोबर मुळीच वापरू नये, ते दातांच्या आवरणालाही वाईट आणि सांध्यालाही. बॅटरी एकदा भरली की माझ्या आणि मुलीच्या मिळून वापरात आठवडाभर सहज पुरते. चार्जिंग मी दुपारी हॉलमध्ये करते, कारण रात्रीच्या शांततेत चार्जरच्या स्टँडमधूनही अगदी बारीक गुंई ऐकू येत होती. स्टँडमध्ये आणि हँडलमध्ये चुंबकीय क्षेत्र असल्यामुळे ज्यांना पेसमेकर बसवलेला आहे, त्यांनी हा ब्रश घेण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

राहिला हेडचा प्रश्न, आणि आवाजाचा याच्याशी सरळ संबंध आहे. हेड दर तीन महिन्यांनी बदलायचे असते, म्हणजे एका माणसाला वर्षाला चार लागतात. खर्च वाचवण्यासाठी मी दुसऱ्या एका छोट्या कंपनीने बनवलेले, या हँडलला बसते असे सांगितले जाणारे हेड आणून पाहिले. ते बसले, पण सैल बसले, आणि पहिल्याच पहाटे पॅसेजमध्ये अशी खरखर झाली की दोन मिनिटे पूर्ण न करताच ब्रश बंद करावा लागला. मूळ कंपनीच्या हेडमध्येही हँडलपाशी बारीक फट दिसते, पण ती मुद्दाम ठेवलेली असते आणि हेड हलवून पाहिले तर डगमगत नाही. हँडल सवलतीत स्वस्त मिळते आणि हेड महाग पडतात, असे बऱ्याच मॉडेलच्या बाबतीत आहे. म्हणून घरातली माणसे गुणिले चार असा हेडचा वर्षाचा खर्च आधी काढावा, आणि त्या मॉडेलचे मूळ हेड आपल्या भागातल्या औषधांच्या दुकानात मिळते की फक्त ऑनलाइन मागवावे लागते, हे पैसे देण्यापूर्वी विचारून घ्यावे.