ग्रेहाउंडचं हृदय मोठं निघालं तर: गोळ्या, इको की थोडं थांबायचं?

शर्यतीतून निवृत्त झालेला ग्रेहाउंड जातीचा कुत्रा घरी आणला की काही दिवसांत दातांचा विषय निघतोच. या जातीत दात-हिरड्यांचे आजार लवकर होतात, साफ करायला पूर्ण भूल द्यावी लागते आणि भुलीआधी डॉक्टर छाती तपासतात. हलकासा मर्मर, म्हणजे ठोक्यांमधला फुसफुसणारा जादा आवाज, ऐकू येतो, एक्स-रे निघतो आणि ‘हार्ट वाढलेलं दिसतंय’ हे वाक्य कानावर पडतं. ब्रिटन-ऑस्ट्रेलियात ग्रेहाउंड दत्तक घेणाऱ्या कुठल्याही घरात हा प्रसंग येऊ शकतो. त्या क्षणी पुढे तीन वाटा असतात: लगेच हृदयाच्या गोळ्या सुरू करायच्या, हृदयतज्ज्ञाकडून टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्यायचा, किंवा घरी लक्ष ठेवत काही महिने थांबायचं.

माझं मत आधीच सांगते. कुत्रा नीट खातपीत असेल, फिरायला उत्साहाने निघत असेल, तर नुसत्या एक्स-रेच्या जोरावर गोळ्या सुरू करू नका. आणि एकाच तपासणीवर पैसे घालता येणार असतील तर ते इकोवर घाला.

कारण ग्रेहाउंडचं हृदय मुळातच मोठं असतं. इतर कुत्र्यांमध्ये हृदयाचं वजन शरीराच्या वजनाच्या पाऊण टक्क्याच्या आसपास भरतं, ग्रेहाउंडमध्ये ते साधारण १.२ टक्के आणि त्याहूनही जास्त असतं. यातला बराच भाग वंशातूनच आलेला आहे. कधीही ट्रॅकवर न उतरलेल्या ग्रेहाउंडचं हृदयसुद्धा मोठं असतं आणि सरावाने त्यात भर पडते. व्हिपेट या ग्रेहाउंडसारख्याच पण लहान जातीत हा फरक स्वच्छ दिसला आहे: शर्यतीत पळणाऱ्या व्हिपेटची हृदयं प्रदर्शनात मिरवणाऱ्या व्हिपेटपेक्षा मोठी भरतात. निवृत्तीनंतर कुत्रा दिवसभर सोफ्यावर लोळत पडला तरी त्याचं हृदय लॅब्रेडॉरच्या मापाचं होत नाही.

आजारी हृदयही मोठंच असतं, म्हणून तर गोंधळ होतो. मोठ्या कुत्र्यांमध्ये ज्याची भीती असते तो आजार म्हणजे डायलेटेड कार्डिओमायोपथी, डॉक्टरांच्या बोलण्यातला डीसीएम. यात स्नायू दुबळा होतो, खालचा डावा कप्पा ताणला जाऊन चेंडूसारखा गोल होतो आणि त्या मानाने भिंती पातळ पडतात. धावपटू हृदयात कप्पा मोठा असतो तशा भिंतीही जाड असतात. बाहेरून आकार एकसारखा, आतलं काम अगदी वेगळं. एक्स-रेमध्ये दिसते ती फक्त बाहेरची सावली.

ती सावली मोजतात कशी, हे एकदा स्क्रीनशेजारी उभं राहून बघा. कुशीवर झोपवून काढलेल्या फोटोत श्वासनलिका जिथे दुभंगते तिथून हृदयाच्या टोकापर्यंत एक रेघ मारतात. तिला काटकोनात, हृदय सर्वांत रुंद असेल तिथे, दुसरी. मग दोन्ही रेघा पाठीच्या कण्यावर ठेवतात, छातीच्या चौथ्या मणक्याच्या पुढच्या कडेपासून, आणि किती मणके व्यापले ते मोजून बेरीज करतात. ही पद्धत १९९५ साली आली आणि तिच्यात सर्वसाधारण कुत्र्याचं माप ९.७ मणके, थोडं अधिक-उणं, असं ठरलं. निरोगी ग्रेहाउंडची सरासरीच १०.५ भरते. म्हणजे सगळ्या जातींचा तक्ता लावला तर धडधाकट ग्रेहाउंडही वरच्या टोकाला किंवा रेषेपलीकडे जातो. रिपोर्टमध्ये ‘१०.८, वाढलेलं’ असं लिहून आलं तर पहिला प्रश्न हाच विचारायचा: हे कुठल्या जातीच्या मापाने?

मर्मरचंही तसंच. डाव्या बाजूला, हृदयाच्या वरच्या भागाशी येणारा सहापैकी पहिल्या-दुसऱ्या दर्जाचा मर्मर निरोगी ग्रेहाउंडमध्ये पुष्कळदा सापडतो. मोठ्या हृदयातून रक्त जोराने महाधमनीत जातं, त्याचा तो आवाज, आणि कुत्रा घाबरला की वाढतो. उलट डीसीएममध्ये मर्मर अगदी हलका असतो किंवा नसतोच. त्यामुळे मर्मर आहे म्हणून आजार धरता येत नाही आणि नाही म्हणून निर्धास्तही होता येत नाही. दर्जा तिसरा किंवा वर असेल, किंवा ठोके अनियमित लागत असतील, तर मात्र इको टाळू नका.

रक्ततपासणी स्वस्त आणि सोपी, म्हणून बरेच जण आधी तिकडे वळतात. हृदयावर ताण आला की वाढणारा एनटी-प्रोबीएनपी आणि स्नायूला इजा झाली की वाढणारा ट्रोपोनिन हे दोन्ही आकडे निरोगी ग्रेहाउंडमध्येही इतर जातींपेक्षा जास्त येतात. आकडा कमी आला तर दिलासा मिळतो, थोडा जास्त आला तर त्यावरून काही ठरत नाही. त्याच रिपोर्टमध्ये मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन वर, थायरॉइडचा टी-४ खाली आणि प्लेटलेट कमी असं दिसलं तरी एकदम घाबरू नका. हे तिन्ही या जातीत नेहमीचं आहे. ग्रेहाउंड फारसे न पाहिलेल्या डॉक्टरांसमोर अशा रिपोर्टमधून एकाच कुत्र्यावर हृदय, मूत्रपिंड आणि थायरॉइड असे तीन आजार लिहिले जाण्याची शक्यता असते. रक्तदाबाचीही तीच गत: दवाखान्यात यांचा दाब बराच चढतो, घरी मोजला तर कमी भरतो.

इको महाग आहे, एक्स-रेच्या कितीतरी पट, आणि तज्ज्ञाची वेळ मिळायला थांबावं लागतं. पण भिंतींची जाडी, झडपा, आकुंचन आणि डावा वरचा कप्पा महाधमनीच्या तुलनेत फुगलाय का, हे सगळं एकत्र फक्त तिथेच दिसतं. इकोतही एक खाचखळगा आहे. ग्रेहाउंडमध्ये आकुंचनाचा टक्का इतर जातींपेक्षा कमी येऊ शकतो. एवढ्या मोठ्या कप्प्याला स्वस्थ पडलेल्या कुत्र्यासाठी पूर्ण जोर लावायची गरज नसते. म्हणून इको करणाऱ्याला ‘हा ग्रेहाउंड आहे, पूर्वी पळायचा’ हे आवर्जून सांगा आणि मापं ग्रेहाउंडच्या मापांशी ताडून पाहायला सांगा.

आता गोळ्यांबद्दल. पिमोबेंडान हे हृदयाचं आकुंचन सुधारणारं उत्तम औषध आहे, ज्याला गरज आहे त्याच्यासाठी. लक्षणं दिसण्याआधी ते द्यावं, याचा मोठा आधार म्हणजे २०१६ मधला एपिक अभ्यास. झडप खराब होऊन हृदय वाढलेल्या कुत्र्यांमध्ये या औषधाने हार्ट फेल्युअर सुमारे १५ महिने लांबलं. पण त्यात घेतलेले कुत्रे होते ४.१ ते १५ किलोचे, आणि एक्स-रेवरची अट होती १०.५ मणक्यांपेक्षा जास्त. ग्रेहाउंड २५-३५ किलोचा, आणि १०.५ ही तर त्याची निरोगी सरासरी! शिवाय त्या अभ्यासात इकोची मापंही सक्तीची होती. डीसीएमबाबतचा २०१२ चा प्रोटेक्ट अभ्यास डोबरमनवर झाला, तोही इकोने आजार ठरवूनच. या दोन्हींपैकी कशानेही ‘एक्स-रे मोठा, म्हणून गोळी’ असं म्हणता येत नाही. सोबत फ्युरोसेमाइड हे लघवी वाढवणारं औषध सुरू झालं तर निरोगी कुत्र्याच्या अंगातलं पाणी उगाच कमी होतं आणि ताण मूत्रपिंडावर येतो. आणखी एक व्यवहाराची गोष्ट: कागदावर ‘हृदयरोग’ लागला की नवा विमा घेताना कंपन्या तो आधीपासूनचा आजार धरून वगळू शकतात. पुढे खरोखर हृदयाचं काही निघालं तर खर्च खिशातून करावा लागू शकतो.

थांबण्याची वाट चुकीची नाही, पण तिला अटी आहेत. मर्मर हलका, ठोके नियमित, दमसास पूर्वीइतकाच, खोकला नाही, एकदाही भोवळ येऊन पडलेला नाही, असं असेल तर तीन-चार महिन्यांनी पुन्हा तपासणं पुरतं. घरी एकच गोष्ट नेमाने करा. गाढ झोपेत, मग तो पाय वर करून उताणा पडलेला का असेना, छाती वर जाऊन खाली आली की एक, असे मिनिटभर श्वास मोजा. स्वप्नात पाय झाडत असेल तेव्हाचे धरू नका. आकडा ३० च्या खाली राहिला पाहिजे. पूर्वी १६-१८ असणारा आकडा सलग काही दिवस वर सरकत गेला तर ३० ची वाट न पाहता फोन करा. पोट फुगणं, पाठीवरचं मांस झडणं, चालताना मध्येच बसणं, यापैकी काहीही दिसलं की थांबण्याची वाट संपली. भोवळ आलेल्या कुत्र्याला इकोसोबत २४ तासांचा होल्टरही (अंगावर बांधून ठोके सतत नोंदवणारं यंत्र) लागतो, कारण ठोक्यांची गडबड दहा मिनिटांच्या तपासणीत सापडेलच असं नाही.

डीसीएमसाठी बदनाम जाती म्हणजे डोबरमन आणि ग्रेहाउंडचा दूरचा भाऊ आयरिश वुल्फहाउंड. ग्रेहाउंड त्या यादीत वरचा नाही, त्याला हाडांचा कॅन्सर जास्त छळतो. तरी खाणं तपासून बघा. २०१८ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या अन्न-औषध प्रशासनाने धान्यविरहित, वाटाणा-मसूर-बटाटा भरपूर असलेल्या खाद्यांचा डीसीएमशी संबंध आहे का, याचा तपास सुरू केला. कार्यकारणभाव पक्का ठरलेला नाही. पण कुत्रा असं खाद्य खात असेल आणि इकोत स्नायू दुबळा निघाला, तर डॉक्टरांशी बोलून खाद्य बदला आणि काही महिन्यांनी इको पुन्हा करा. आहारामुळे झालेलं असेल तर हृदय सुधारूही शकतं.

महाराष्ट्रात कारवान किंवा मुधोळ हे देशी शिकारी कुत्रे पाळणाऱ्यांनी ग्रेहाउंडचे आकडे जसेच्या तसे उचलू नयेत, पण सगळ्या जातींच्या तक्त्यावरून आलेल्या ‘हार्ट मोठं’ या शेऱ्याला इकोआधी मान्यताही देऊ नये.

राहिला दातांचा प्रश्न. इको चांगला आला तर हृदयाच्या नावाखाली भूल पुढे ढकलू नका, सडके दात तोंडात ठेवणं हा मोठा त्रास आहे. थायोपेंटालसारख्या भुलीच्या औषधांतून ग्रेहाउंड फार उशिरा शुद्धीवर येतात, म्हणून कुठलं औषध देणार ते आधी विचारा. आणि पुढेमागे हाडाच्या कॅन्सरसाठी डॉक्सोरुबिसिन द्यायची वेळ आली, तर ते औषध हृदयाच्या स्नायूलाच मारक असल्याने आजचा हा इको तुलनेसाठी लागेल. रिपोर्टबरोबर मूळ चित्रफितीही मागून जपून ठेवा.