दोरीचे दोन अर्थ: प्रतीक की नाते?

परभणीत सॅम्युएल बेकेटच्या ‘वेटिंग फॉर गोदो’ या नाटकाची तालीम करताना पात्रे वाचण्याच्या दोन वाटा आमच्यासमोर होत्या. गळ्यात दोरी बांधून नोकराला हाकणारा पोझो म्हणजे सत्ता, तो नोकर लकी म्हणजे गुलामी, असे प्रतीक ठरवले की चर्चा रंगते. नटाच्या हाती मात्र काहीच लागत नाही. नात्यातून वाचले, तर १९५३ साली पॅरिसमध्ये प्रथम रंगमंचावर आलेल्या या नाटकाचा बारीक तपशील बोलू लागतो: दुसऱ्या अंकात पोझो आंधळा, लकी मुका आणि दोघांमधली दोरी आखूड झालेली असते, म्हणजे काल हाकणारा आज त्याच दोरीच्या आधाराने चालतो. मला हीच वाट खरी वाटते. गोदोची वाट पाहणाऱ्या दोघांपैकी व्लादिमीर भुकेल्या सोबत्याला गाजर द्यायला खिसे चाचपतो आणि आधी सलगमच काढून देतो, तो प्रसंग बांधावर भाकरी वाटून खाणारे सालगडी पाहिलेल्या आमच्या नटांना न समजावता उमगला.