व्हीलचेअरची लिफ्ट: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या महाविद्यालयाच्या जुन्या इमारतीचे जोते दीड मीटर उंच आहे. 1:12 च्या उताराने रॅम्प बांधायचा म्हटले तर 18 मीटर लांबी लागते, शिवाय मधला सपाट टप्पा वेगळाच; आणि आमच्या पायऱ्यांपासून फाटक जेमतेम 10 मीटरवर आहे. म्हणून गेल्या जूनमध्ये पायऱ्यांलगत प्लॅटफॉर्म लिफ्ट, म्हणजे माणसाला व्हीलचेअरसकट वर नेणारा सरकता फलाट, बसवण्यात आली. वजनमर्यादा, मोटर इत्यादी गोष्टी माहितीपत्रकात असतातच, त्या येथे सांगत नाही. मी अर्थशास्त्र शिकवतो आणि व्हीलचेअर वापरतो. लिफ्ट येण्याआधी 19 वर्षे दोन शिपाई मला खुर्चीसकट उचलून वर नेत असत, एवढी पार्श्वभूमी पुरे.

पहिल्या आठवड्यात मी कोणालाही हाक न मारता वर गेलो, तो आनंद लिहून सांगण्यासारखा नाही. मात्र कळ सतत दाबून धरावी लागते, बोट सुटले की लिफ्ट थांबते. सुरक्षेसाठी हे योग्य असले तरी हातात बळ नसलेल्या आमच्या एका विद्यार्थिनीला त्यासाठी अजूनही सोबत लागते.

माझा खरा राग किल्लीवर आहे. लिफ्ट किल्ली फिरवल्याशिवाय सुरू होत नाही, आणि ही किल्ली कार्यालयातील खिळ्यावर, म्हणजे पायऱ्या चढून गेल्यावर उजव्या हाताला टांगलेली असे. ज्याला पायऱ्या चढता येत नाहीत त्याच्या लिफ्टची किल्ली पायऱ्यांच्या वर ठेवण्यामागे काय विचार होता, हे मी तीन वेळा लेखी विचारले. ‘लहान मुले खेळतील’ असे उत्तर आले. कनिष्ठ महाविद्यालयात लहान मुले कोठून येतात, हे मात्र कळले नाही.

दिवाळीच्या सुट्टीनंतर लिफ्ट जागची हलेना. कंपनीकडे तक्रार करून 11 दिवस वाट पाहिली, पुन्हा शिपायांच्या हातांवरून वर गेलो आणि या यंत्राला पाचपैकी एकच गुण द्यायचा, असे मनाशी पक्के केले. तंत्रज्ञ आला, त्याने फुगलेल्या दोन बॅटऱ्या काढून दाखवल्या, बॅटरी वॉरंटीत येत नसल्याचे सांगितले आणि मी भांडायला तोंड उघडण्याआधीच विचारले, “मेन स्विच रोज कोण बंद करतं?”

ही लिफ्ट बॅटरीवर चालते आणि बॅटरी चार्जरवर सतत जोडलेली राहावी लागते, हे पुस्तिकेत लिहिलेले होते. पुस्तिका मात्र डेडस्टॉक रजिस्टरमध्ये, म्हणजे संस्थेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, नोंद झाल्यावर कपाटात गेली होती. वीजबचतीच्या परिपत्रकानुसार पहारेकरी रोज संध्याकाळी सगळे स्विच बंद करी, आणि सुट्टीत तर ते तीन आठवडे बंदच होते. शिसे-आम्लाची बॅटरी पूर्ण उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की तिच्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो आणि मग ती चार्ज घेत नाही. वाचलेली वीज फार तर काही रुपयांची असेल. नव्या बॅटऱ्यांना 6,500 रुपये लागले. काटकसरीचे मला कौतुक आहे, पण ही काटकसर नव्हे. कंपनीवरचा माझा राग तेथेच निम्मा उतरला, अकरा दिवसांचा तेवढा उरला.

2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमातील कलम 16 प्रमाणे शासनमान्य शिक्षणसंस्थांनी इमारत, परिसर आणि सुविधा सुगम्य ठेवायच्या आहेत. आमच्याकडे त्याचा अर्थ ‘एकदा बसवणे’ असा घेतला गेला, कारण अंदाजपत्रकात खरेदीला खर्चाचे स्वतंत्र शीर्ष असते आणि देखभाल कोणाच्याच कामांच्या यादीत नसते.

डिसेंबरपासून लिफ्ट एकदाही अडलेली नाही. स्विचवर ‘बंद करू नये’ असा कागद मी स्वतः चिकटवला आहे. बाजारातून 80 रुपयांत दोन जादा किल्ल्या करून घेतल्या. एक पहारेकऱ्याच्या चौकीत आहे, दुसरी माझ्या खिशात. यंत्राला आता पाचपैकी चार गुण देतो. वॉरंटी जूनमध्ये संपते आहे, आणि वार्षिक देखभाल कराराची फाइल फेब्रुवारीपासून अधीक्षकांच्या टेबलावर सहीसाठी पडून आहे.